सिस्टरच्या वतीने दिलेली माफी

नोकरीत मी पुष्कळ खोटं बोललो. संशयितापुढे ते बोलावंच लागतं. त्यातल्या एका वाक्यापायी एक घटना आजही आठवते आणि मनाला रुखरुख लागते.

चाकण पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. चिंचवडच्या एका निवृत्त नर्सचा एकुलता मुलगा महाळुंग्यातल्या कंपनीत ड्यूटीला गेला तो परतलाच नाही. मिसिंगची तक्रार दाखल केली. सिस्टर धर्माने ख्रिस्ती, विधवा. रोज सकाळी ठाण्यातल्या बाकावर येऊन बसायच्या. सोबत मुलाचा मित्र असायचा; त्याच कंपनीतला, मराठवाड्यातून आलेला, सिस्टरच्या हातचं जेवलेला. आमच्या हवालदारांना चहासुद्धा तोच आणून द्यायचा. एवढी मदत करणाऱ्यावर नजर ठेवावी, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

आठव्या दिवशी तळवड्याची खानावळवाली मावशी आली. "सायेब, त्यो सिस्टरबाईंसंगं फिरणारा पोरगा हाय ना, आठ दिस झालं जेवलाच न्हाई. डबा भरल्याला तसाच माघारी येतोय."

जिभेला कुलूप घालता येतं, पोटाला नाही. त्याला चौकशीला घेतलं.

दोन दिवस त्याचं एकच पालुपद, "मला काहीच माहीत नाही साहेब." कंपनीने दोघांपैकी एकालाच पर्मनंट केलं होतं आणि तो हा नव्हता. कारण दिसत होतं, पण प्रेताशिवाय केस उभी राहत नव्हती. मी हात उगारला नाही. खुर्ची जवळ ओढली आणि म्हणालो, "अरे, सिस्टरनी तुला माफ केलंय. त्यांना फक्त पोराला माती द्यायची आहे."

"काकू असं म्हणल्या?"

"माझ्यासमोर."

तो ओक्साबोक्शी रडला. त्याच्या कबुलीचा निवेदन पंचनामा झाला आणि दोन पंचांसमक्ष त्याने बंद वीटभट्टीमागची विहीर दाखवली. वरिष्ठांनी पाठ थोपटली. मीही खूश होतो, लपवत नाही.

कोर्टात पहिल्याच तारखेला तो सिस्टरच्या पायांवर कोसळला. "काकू, तुम्ही माफ केलं म्हणून मी सांगितलं."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. "मी कधी म्हणाले, साहेब?"

"सिस्टर, नाहीतर मुलगा सापडला नसता."

"खरंय. पण ती क्षमा माझी होती. तुम्ही कोण देणारे? आता प्रार्थनेत 'जशी आम्ही इतरांना क्षमा केली' या ओळीशी आले की माझा आवाजच फुटत नाही."

पुढे त्याला जन्मठेप झाली, मी निवृत्त झालो. पत्नी आधीच गेली होती, मुलगी परदेशात. ताथवड्यातल्या फ्लॅटमध्ये भिंतींकडे बघत बसायचो. एका दुपारी धीर करून सिस्टरकडे गेलो. त्यांच्या घरातही त्या एकट्याच. चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुरुंगात जाऊन आले. दोनदा फाटकातूनच परतले. तिसऱ्यांदा त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले, तुला क्षमा केली. तुमचं खोटं खरं करायला मला तीन वर्षं लागली."

"आणि मला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी गॅस बारीक केला. "त्याने रागाच्या भरात केलं. तुम्ही शुद्धीवर होता. रोज तुमचं नाव घेऊन प्रार्थना करते. अजून जमत नाही."

गुन्हेगाराला बोलतं करणं माझ्या अखत्यारीत होतं. दुसऱ्याच्या वतीने माफी देणं नव्हतं. इतकी वर्षं माणसं पारखून मला एवढं साधं कळलं नाही. तपास लागला याचा पश्चात्ताप नाही. पण त्या दिवशी सिस्टर दाराबाहेरच बाकावर बसल्या होत्या. उठून विचारता आलं असतं. त्या नाही म्हणतील या भीतीने मी विचारलं नाही.

दर रविवारी उपासना सुटली की त्यांचा फोन येतो. आठवड्यात मला येणारा बहुधा तेवढाच. "आजही नाही जमलं, साहेब," त्या सांगतात, आणि मग माझ्या गुडघ्याची चौकशी करतात.