अलास्कावाले काका

लाईट गेली की ते आधी वर बघायचे. आपण पंख्याकडे बघतो, फोनच्या बॅटरीकडे बघतो, समोरच्या इमारतीत आहे का ते बघतो. ते गॅलरीत यायचे, थेट आकाशाकडे बघायचे आणि एक बोट वर करून म्हणायचे, "सोडलं बघ त्यांनी."

'त्यांनी' म्हणजे अलास्कातल्या माणसांनी. तिकडे बर्फात, वस्तीपासून लांब, वातावरणाच्या वरच्या थरांचा अभ्यास करणारं एक संशोधन केंद्र आहे. मोकळ्या रानात अँटेनांचे खांबच खांब. त्या खांबांतून आकाशात लहरी सोडतात आणि जगात हवी तिथली वीज घालवतात, असं काकांचं ठाम मत होतं. राजारामपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटचीसुद्धा.

"काका, आपल्या गल्लीची लाईट घालवून त्यांना काय मिळणार?" मी एकदा विचारलं.

"टेस्टिंग असतंय. मोठ्या गावाला लावायच्या आधी बारक्या गावात बघत्यात."

इमारतीतली पोरं त्यांना अलास्कावाले काका म्हणायची. ते रागवायचे नाहीत. असं एखादं माणूस तुमच्याही जिन्यात भेटत असेल. फोनवर आलेलं सगळं खरं मानणारं, आणि आपण मान डोलावून पुढे जातो असं. काकांच्या भीतीला मात्र पक्का पत्ता होता: दुसरा मजला, आतली खोली.

त्या खोलीत काकू असायच्या. त्यांची फुफ्फुसं निकामी होत आली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन सतत घरघरत असायचं आणि त्याची नळी काकूंच्या नाकाला. मशीन विजेवर चालायचं. लाईट गेली तर कोपऱ्यात सिलिंडर उभा. इन्व्हर्टर काकांनी काढून टाकला होता, कारण त्याच्या बॅटरीतून लहर घरात शिरते असा एक व्हिडिओ त्यांना सकाळच्या फिरण्यातल्या मित्राने पाठवला होता.

मी जिन्यात पावलं वाजत नाहीत ना ते ऐकून मगच दार उघडणारी मुलगी. आमचं दार त्यांच्या दारासमोरच, त्यामुळे काकांना ते ठाऊक असावं. ते पावलं न वाजवता जिन्यात उभे राहायचे. "पोरी, तू इंग्लिश मीडियमची. हा काय म्हणतोय सांग बरं." आणि व्हिडिओ लावून फोन माझ्या कानाशी.

मी ऐकून सांगायचे, "काका, याने काहीच सिद्ध केलेलं नाही. नुसते प्रश्न विचारतोय. ते शास्त्रज्ञ फक्त आकाशाचा अभ्यास करतात."

"व्हय, पण आवाज ऐक की. किती घाबरलाय बिचारा. खोटं बोलणारा असा घाबरंल व्हय?"

आतून काकू दम घेत घेत म्हणायच्या, "सोड गं तिला. चहा तरी दे म्हणावं." वाक्यातलं 'तिला' कोण आणि चहा कुणी कुणाला द्यायचा, हे त्यांनाच कळायचं. मग चहा काकाच करायचे. सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण उरकलेलं असायचं, पण काकूंना दोन घास जास्त जावेत म्हणून ते ताट घेऊन अंधार पडेपर्यंत बसायचे.

पूर्वी त्यांचं शेतीपंपाच्या मोटारींचं दुकान होतं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ते सांगायचे म्हणे, "पावणं, लाईटचा भरवसा न्हाय. मेनचा खटका पाडून ठेवा. मोटार वाचंल." अशा कितीतरी मोटारी त्यांनी वाचवल्या असतील.

सिलिंडरच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. रोज सकाळी ते तोटी उघडून हवेचा फुसकारा ऐकायचे, मग समाधानाने बंद करायचे. काकू मला म्हणाल्या होत्या, "माझा श्वास हे रोज थोडा थोडा देवाला वाहतात बघ." आम्ही दोघी हसलो होतो. हसताना त्यांना खोकला आला, तर काकांनी माझ्याकडेच डोळे वटारले.

पलंगाच्या कडेला त्यांनी घंटीचं बटण बसवलं होतं. घंटी जिन्यात, म्हणजे काका गच्चीवर असोत की खाली गेटपाशी, ऐकू यावी. बटण साध्या दिव्याचं. एकदा दाबलं की दाबलेलंच राहणारं. "हिच्या बोटात जोर न्हाय. धरून कुठं बसंल?" ते म्हणाले होते.

त्या दुपारी मी क्लासवरून आले तर खाली मीटरच्या खोलीच्या दाराला काका पाठ लावून उभे. किल्ली मुठीत. समोर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, हाताला पीठ लागलेलं, तावातावाने बोलत होत्या.

"काका, अख्ख्या बिल्डिंगची लाईट बंद करता म्हणजे काय? चावी द्या हिकडं!"

"आज मोठं सोडणार हायत. लावलेलं एकूण एक जळणार. तुमची फ्रिजं वाचवालोय मी, आणि मलाच बोला!"

"फ्रिज माझा हाय. जळू दे की!"

मला हसू येत होतं. मग ते अर्धवटच राहिलं. "काकू?" मी विचारलं.

"सिलिंडर लावूनच खाली आलोय. हिचं मशीन वाचलं पायजे पहिलं. बघून ये जा जरा, पोरी."

दार उघडंच होतं. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मशीन बंद, पंखा बंद, आणि सिलिंडरमधूनही काही आवाज नाही. काकू पलंगावर एका कुशीला कलंडल्या होत्या. नळी नाकात नीट होती. ओठांचा रंग जांभळट. हात पलंगाच्या कडेला पोचलेला आणि बटण दाबलेलं.

त्यांनी हाक मारली होती. घंटी विजेवर चालते, हे आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

मी जिन्याच्या कठड्यावरून ओरडले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. "काका, मेन लावा! आत्ता लावा!"

खाली कुलूप वाजलं. खटका लागला. आणि माझ्या डोक्यावर, जिन्यात, घंटी वाजायला लागली. वाजतच राहिली.

काका धावत वर येत होते. वाटेत वहिनींना सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "बोलावतीया मला. बोलावतीया."

ते आत आले आणि घंटी कुणी बंद केली ते मला आठवत नाही. मशीन लावलं, गाडी आली, दवाखान्यात नेलं. संध्याकाळी काकू गेल्या. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं संपलीच होती, केव्हाही झालं असतं. सिलिंडर रिकामा निघाला.

भेटायला येणारे सगळे काकांना काही ना काही देऊ पाहत होते. कुणी म्हणालं, सुटल्या बिचाऱ्या. कुणी डॉक्टरांचंच वाक्य पुन्हा सांगितलं. फिरण्यातला तो मित्र जवळ सरकून म्हणाला, "दादा, त्यांनीच केलं हे. लहर आली असणार त्या वेळी. तुम्ही काय करणार?"

खोलीतल्या सगळ्या माणसांना ते पटण्यासारखं वाटलं. वहिनींनीसुद्धा मान हलवली. मला वाटलं, आता काका बोट वर करतील आणि निदान त्यांना धरायला काहीतरी सापडेल.

"न्हाय," काका म्हणाले. "मेन मी पाडला."

मला राहवलं नाही. इतके महिने मी त्यांना नाही नाही म्हणत आले होते. "काका, कदाचित तिकडूनच..." मी सुरुवात केली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू तरी नको गं, पोरी."

पुढे सांगलीची मुलगी त्यांना घेऊन गेली. निघताना तिने घरभर फिरून दिवे बंद करायला घेतले, तर ते दारात आडवे उभे राहिले. मुलीने समजावलं, बिलाचं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे चालू." शेवटी तिने तसंच कुलूप लावलं.

तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरच्या बंद घरात सगळे दिवे जळत असतात. संध्याकाळी लाईट जाते, आम्ही आपापल्या गॅलरीत येऊन उभे राहतो. मग ती परत येते. माणसं घरात जाऊन बटणं शोधायला लागतात, पण त्याआधीच ते घर उजळलेलं असतं. स्वयंपाकघर, पुढची खोली, आतली खोली. आत कुणीच नाही.