सर्वांसाठी खुले

भिलाईच्या पोलाद कारखान्यात, टाइम ऑफिसात कारकून होतो तेव्हा आमच्या सेक्टरात दोन महत्त्वाच्या संस्था होत्या. एक रविवारचं भ्रमण मंडळ आणि दुसरी बगीचा समिती. दोन्हींचा सचिव मीच, कारण अक्षर चांगलं होतं आणि नाही म्हणता येत नव्हतं. मी मात्र ते माझ्या नेतृत्वगुणांचं फळ समजत असे.

भ्रमण मंडळ म्हणजे आम्ही सात-आठ जण. दर रविवारी सकाळी कॅनव्हासचे बूट घालून, हातात काठ्या घेऊन मरोद्याच्या तलावाकडे जायचो. एकदा एका मासिकात लेख वाचला की आपल्या सहली म्हणजे शहरी बाबूंची मिरास झाली आहे, आदिवासी बांधवांना त्यात कुठेच जागा नाही. मला फार लागलं. त्याच आठवड्यात मी सुंदर हिंदीत सूचना लिहिली, 'भ्रमण मंडल सभी के लिए खुला है', आणि कंत्राटी, बहुतेक आदिवासी मजूर जिथून कारखान्यात जात त्या गेटजवळ चिकटवली. पुढच्या रविवारी अर्धा तास थांबलो. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

मग मी जातीनं निमंत्रण द्यायचं ठरवलं. आमच्या बगीच्यात एक गोंड बाई कामाला होती. मजूर बायकांना तिकडे रेजा म्हणत. गाव दल्ली-राजहराकडचं, मुक्काम कोहक्यात, दोन लहान पोरं. सकाळभर ती हिरवळीला पाणी घाले, गवत निवडे. मी तिच्यासमोर उभा राहून जंगल, निसर्ग आणि समानता यांवर बरंच बोललो. तिनं पाइप खाली ठेवून शांतपणे ऐकलं.

"जंगल तो हमर घर के पाछूच हे, साहेब," ती म्हणाली. "उहाँ घूमे बर काबर जाबो?"

गावच्या घरामागेच जंगल असताना तिथं फिरायला कशाला जायचं, हा साधा प्रश्न. तरी मी चिवटपणे विचारलं, मग सुट्टीच्या दिवशी जावंसं कुठे वाटतं?

ती जरा लाजली. मग ज्या हिरवळीवर उभी होती तिच्याकडेच बोट दाखवलं. संध्याकाळी पोरांना घेऊन इथं बसावंसं वाटतं, म्हणाली. एकदा आली होती, चौकीदारानं उठवलं. त्यानं बोर्ड दाखवला.

बोर्ड मला दाखवायची गरज नव्हती. 'बाहरी व्यक्तियों एवं मजदूरों का बैठना मना है.' मागच्या वर्षी बकऱ्या शिरल्या म्हणून बैठक झाली होती. बकऱ्यांवरून मजुरांवर आम्ही कसे आलो ते आठवत नाही, पण मजकूर माझा होता. 'एवं' हा शब्द घातल्याचा मला अभिमानही वाटला होता.

घरी येऊन डोक्याला हात लावून बसलो. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"आता कावून तोंड पाडून बसले? जेवता जेवता तुमीच तं वाचून दाखवलं होतं मले ते. दोनदा."

"मी समितीत विषय काढतो," मी म्हणालो.

काढलाही. अध्यक्ष मोठे इंजिनियर होते. ते म्हणाले, "आज बसायला येतील, उद्या चूल मांडतील." मी आदल्या रात्री चार मुद्दे लिहून नेले होते. त्यातला पहिला वाचला आणि मी "विचार करू" असं म्हणून चहा घेतला. इतिवृत्तात लिहिलं: सखोल चर्चा झाली.

बायकोनं इतिवृत्त वाचलं. रविवारी संध्याकाळी तिनं सतरंजी काढली, पोह्यांचा डबा भरला.

"कुठे?"

"बगीच्यात जाऊन राहिली मी. तिले सांगतलं आहे, पोरं घेऊन ये म्हणून. तुमाले यायचं तं या, नाही तं विचार करा."

मी मागोमाग गेलो, हातात भाजीची पिशवी घेऊन, दहा पावलं अंतर ठेवून. हिरवळीवर बायको, ती आणि तिची पोरं बसली होती. बाकांवरची मंडळी बघत होती, त्यात अध्यक्षही होते. चौकीदार आला आणि बायकांकडे न बघता सरळ माझ्याकडे बघू लागला. हुकूम माझाच होता.

"बैठने दो," मी म्हणालो. इतकं हळू, की त्यानं "जी?" केलं. मग पुन्हा म्हणावं लागलं. यावेळी पार बाकांपर्यंत ऐकू गेलं.

"साहब, लिखके दे दो. बाद में मेरे ऊपर आएगा."

माणूस शहाणा होता. मी भाजीच्या पिशवीतला कागद काढून लिहून दिलं, खाली सही केली, पदनामासकट. माझं ते एकच वाईट अक्षर.

अध्यक्ष महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, मग कंटाळून बोलू लागले. हळूहळू आणखी चार-पाच रेजा येऊ लागल्या. कोणी चूल मांडली नाही. माझं सचिवपद मात्र पुढच्या निवडणुकीत गेलं, आणि मला आश्चर्य वाटलं की ते हवंहवंसं वाटणारी दुसरी माणसंही होती.

त्या थंडीत बायकोनं त्या बाईला आणि पोरांना मरोद्याला आणलं. आम्ही पुरुष काठ्या आपटत पुढे निघून गेलो. परत आलो तेव्हा त्या दोघी पाण्याकाठी बोरं खात, कशावर तरी खूप हसत होत्या. मला राहवलं नाही. पोरांना जवळ बोलावून मी काठावरच्या मोठ्या झाडाकडे काठी केली आणि शुद्ध हिंदीत सांगितलं, "बच्चो, यह साल का वृक्ष है."

पोरीनं झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, जरा काळजीनं.

"ए तो कउहा हे," ती म्हणाली.

कउहा म्हणजे आपलं अर्जुनाचं झाड. बायको खाली बघून बोरं निवडत राहिली. मी खिशातली वही काढली आणि पोरीला विचारलं, "कउहा कैसे लिखते हैं?" ती म्हणाली, तिला अजून लिहिता येत नाही.