आचारसंहितेच्या आधी

आमच्या गल्लीतल्या अप्पांना बसवणं सोपं होतं, थांबवून ठेवणं अशक्य. लग्न असो, सभा असो, गप्पा ऐन रंगात आल्या की हे पायात चपला सरकवायचे. "लोक 'बसा ना' म्हणताहेत तोवर उठावं," म्हणायचे. त्यांची बायको, आमच्या काकू, चिडायच्या, कारण त्यांनाही चहा अर्धाच टाकून उठावं लागायचं.

आमच्या गुजराती शहरातल्या निजामपुरा वॉर्डातून ते दोनदा कॉर्पोरेटर झाले. घरात मराठी, ओट्यावर आले की अस्सल गुजराती, आणि दोन्हीकडे आवाज तेवढाच खणखणीत. निवडणुकीची आकडेमोड मात्र माझ्याकडे असे, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी घरात शिरायचं. ते वाहून नेणारी गटार मंजूर होती, पण खणायचं कुणी मनावर घेत नव्हतं. महापालिका अप्पांच्याच पक्षाची. शेवटी निवडणूक तोंडावर आली तेव्हा अप्पांनी पक्षाचा राजीनामा द्यायचं ठरवलं, तेही ऐन धनुर्मासात. शेजारचे पटेलभाई हादरलेच. "कमुरतां जवा दो, अप्पा! उतराण पछी आपजो." हा अशुभ महिना सरू द्या, संक्रांतीनंतर द्या, असं त्यांचं म्हणणं.

मुहूर्ताशी मला देणंघेणं नव्हतं. "आचारसंहिता लागू द्या," मी म्हटलं. "मग पक्षाला नवं काम काढता येणार नाही, लोकांचा राग तसाच राहील आणि तुम्ही अपक्ष म्हणून आरामात निवडून याल."

"हिशेब बरोबर आहे तुझा," अप्पा म्हणाले. "आणि गटार?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. आता गल्लीची मतं जाणार म्हणून पक्ष घाबरला आणि आठवड्याच्या आत गल्लीत जेसीबी आला. आचारसंहिता लागली तेव्हा काम निम्मं उरकलं होतं. चालू काम थांबत नाही, हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं.

आमच्याकडे एका वॉर्डातून चौघे निवडायचे. अप्पा दारोदार सांगत, "तीन बटणं तुमच्या मर्जीची, एक माझं!" लोक चहा पाजत, पाया पडत आणि वर म्हणत, "पण अप्पा, गटार तर पक्षानंच केली ना!" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अप्पा हसून पुढच्या दाराची बेल वाजवायचे.

ते हरले, तेही थोडक्यात. मतमोजणीहून परतताना मी भडकलोच. "महिनाभर थांबला असतात तर आज गुलाल तुमच्या अंगावर असता!"

"असता की," ते म्हणाले. "आणि तुझी आई यंदाच्या पावसाळ्यातही पाण्यात पलंगावर पाय वर घेऊन बसली असती."

मे महिन्यात अप्पा अचानक गेले. पुढे पाऊस नेहमीसारखाच कोसळला. मी दारात उभा राहिलो. पाणी आमच्या उंबऱ्यापर्यंत आलंच नाही. आत आई पाय खाली सोडून निवांत भाजी निवडत होती, आणि मला हरलेल्या माणसाचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.