कट म्हणेपर्यंत थांबायचं नाही

माझ्या सासूबाईंनी मला आयुष्यात एकदाच घराबाहेर काढलं, आणि त्याचं शूटिंग आमच्याकडे आहे.

पाहुण्यांना ते दाखवलं की पाहुणे आधी माझ्याकडे बघतात, मग भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे, आणि मग चहा अर्धा टाकून उठायला लागतात. त्यांना हाताला धरून परत बसवावं लागतं आणि सगळी हकिगत पहिल्यापासून सांगावी लागते. आता इथपर्यंत आलाच आहात, तर तुम्हीही बसा.

आमची सायली तेव्हा रत्नागिरीतच कॉलेजला शेवटच्या वर्षाला होती. माध्यमांचा काहीतरी अभ्यासक्रम होता, आणि शेवटी प्रत्येकाने एक माहितीपट करायचा होता. सायलीने विषय घेतला, 'मालिका आणि जाहिरातींमधली बाई'. हे (म्हणजे सायलीचे बाबा) बोटीवर, मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला. घरात उरलो आम्ही तिघी, सासूबाई, मी आणि सायली. तेव्हा विषयाला लागणारा माल घरचाच होता.

"आई, मालिकेतली बाई झोपताना पण नथ घालते!" सायली तावातावाने सांगत होती. "जाहिरातीतली बाई धुणं धुताना हसते! मला सांग, धुणं धुताना कोण हसतं?"

"मी तरी नाही हसत."

"तेच तर दाखवायचंय!"

तिची योजना सोपी होती. पहिल्या भागात मालिकेसारखा प्रसंग. कजाग सासू नटूनथटून सुनेला घराबाहेर काढते. दुसऱ्या भागात तीच सासू, तीच सून, मागच्या पायरीवर बसून बांगडे साफ करतायत आणि गप्पा मारतायत. आधी खोटं, मग खरं. पहिल्या भागात मी शालू नेसायचा आणि दुसऱ्यात गाऊन घालायचा.

"गाऊन? अगो, अख्खं कॉलेज बघणार ना ते?"

"आई, घरात तू गाऊनच घालतेस. ते वास्तव आहे!"

"वास्तव आहे तर घरात असू दे. पडद्यावर कशाला?"

शेवटी गाऊनवर ओढणी घ्यायची परवानगी मिळाली, तेव्हा मी तयार झाले. (मनात म्हटलं, शालूचा भाग जरा लांबवू, गाऊनचा आपोआप कमी होईल. स्त्रीचं खोटं चित्रण होतं ते असं, घरातूनच!)

खरी अडचण सासूबाईंची होती. आमच्या आळीत त्यांचं नाव म्हणजे दाखला होता. कुठे सासू-सुनेचं वाजलं, की लोक म्हणायचे, "जरा त्या आजींकडे बघा." शेजारच्या शैलाकाकीची कोंबडी सरळ स्वयंपाकघरात शिरायची, तर तिला हाकलताना आमच्या सासूबाई म्हणायच्या, "जा गो बाय आता, घरी वाट बघत असतील." अशा बाईने मला घालवून द्यायचं होतं!

सकाळी तालीम सुरू झाली. सायलीने वाक्य लिहून दिलं होतं, 'चालती हो माझ्या घरातून!' सासूबाई ते असं म्हणायच्या की वाटावं, मला भाजी आणायला पाठवतायत. वर शेवटी "सावकाश जा हां" हेही जोडायच्या.

"आजी, राग! राग आण ना!"

"कुणाचा आणू गो? हिने काय केलंन?"

सायली रडकुंडीला आली. सोमवारी माहितीपट द्यायचा होता आणि आजी काही चिडायला तयार नाही. तेव्हा मी, अतिशहाणीने, तोंड घातलं. म्हटलं, "आई, ते लिहिलेलं सोडा. सासू सुनेला काय बोलेल, ते तुमच्या मनाने बोला."

सासूबाई उठल्या. पदर खोचला. मग त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की कौलांवरचा कावळा उडाला!

"उभी काय राहिलीस भुतासारखी? माहेरून काय आणलंस गो? एक कळशी! तीसुद्धा चेपलेली! बापाला लाज नाय वाटली? ऊठ, उचल तुझं बोचकं आणि हो चालती!"

मी खरोखरच दोन पावलं मागे सरकले. सायली टाळ्या वाजवायला लागली. मला फक्त ती कळशी कळेना, कारण माझ्या माहेरून आला होता मिक्सर. पण म्हटलं, कुठल्या तरी मालिकेत ऐकलं असेल.

हे सगळं आम्हाला नाटक होतं. पण आमच्या आणि शैलाकाकीच्या मध्ये आहे एक चिऱ्यांचा गडगा, कमरेइतकी कुंपणाची भिंत. त्यापलीकडे काकी कपडे वाळत घालत होती. तिने तालीम ऐकली, पण ती तालीम आहे हे तिला कोण सांगणार? काकीची मामेबहीण म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, विजूची बायको. (रत्नागिरीत कुठलीही बातमी नात्यातूनच जाते, दुसरा रस्ताच नाही.) ओला टॉवेल खांद्यावर तसाच टाकून काकीने फोन लावला. मामेबहिणीने तो पुढे लावला लोट्याला, नवऱ्याला.

विजू तिथल्या केमिकल कंपनीत कामाला. पहिली शिफ्ट चालू होती. त्याने मला फोन केला, तो लागेना. लागणार कसा? माझा फोन चांगला, ह्यांनी बोटीवरून येताना आणलेला, म्हणून शूटिंगला सायलीने तोच घेतला होता आणि मध्ये कोणाचा फोन नको म्हणून त्याचं नेटवर्कच बंद करून ठेवलं होतं. विजूने त्याचा अर्थ काढला, ताईचा फोनपण काढून घेतला! शिफ्ट सुटल्यावर तो कंपनीच्या बसमध्ये चढलाच नाही. हायवेला उभा राहिला आणि मिळेल त्या गाडीने रत्नागिरीकडे निघाला.

इकडे आमची तयारी चालली होती. लग्नातला शालू नेसायला काही अडचण नाही, शालू कितीही जाड झालेल्या बाईला पुरतो. ब्लाउजचं तसं नसतं. सायलीने तो मागे सेफ्टी पिनांनी जोडला. म्हणाली, "हात वर करू नकोस आणि मोठा श्वास घेऊ नकोस." रडायला येईना म्हणून मी डोळ्यांखाली बाम चोळला. जरा जास्तच चोळला. समोरचं सगळं दिसायचं बंद झालं आणि नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. सायली म्हणाली, "वा! आता बोलू नकोस, फक्त रड." ते सांगायची गरज नव्हती.

मग ती सासूबाईंकडे वळली. "आजी, एकच लक्षात ठेव. मी कट म्हणेपर्यंत थांबायचं नाही. मध्ये काय वाट्टेल ते होऊ दे."

सासूबाईंनी मान डोलावली. त्यांनी आयुष्यात कुणाचंच सांगणं मोडलं नव्हतं, आता नातीचं कुठे मोडणार!

संध्याकाळचं ऊन छान तिरपं झालं होतं. मी अंगणात उभी, हातात बोचकं, गळ्यात होतं नव्हतं ते सगळं सोनं, डोळे लाल. दारात सासूबाई, हात कमरेवर. गडग्यापलीकडे शैलाकाकी आणि आळीतल्या आणखी चार जणी. आणि सासूबाईंनी सुरुवात केली. कळशी झाली, बाप झाला, "भाताला मीठ घालायची अक्कल नाय" झालं, आणि नेमकं "हो चालती!" म्हणायला नि फाटक उघडायला एकच गाठ पडली.

फाटकात विजू. अंगात कंपनीचा गणवेश, पायात जाडजूड बूट, काखेत हेल्मेट!

"ताई!" तो ओरडला. "चल! अशीच्या अशी चल! काय घ्यायचं नाय इथलं!"

मी घाबरून "अरे नाही, थांब" अशी खूण करायला हात वर केला. मागे दोन पिना तटातट सुटल्या. मी दचकून तोच हात पाठीवर दाबला.

"पाठीत मारलंनी?" विजूचा आवाज फाटला. "मावशी, तुम्हाला मी देवासारखं मानलं! आणि तुम्ही..."

आता कुणीही शहाणी बाई इथे थांबली असती. पण कट कुठे झाला होता? सासूबाईंनी विजूकडे बघून एक भुवई वर चढवली. "ने! घेऊन जा बहिणीला! आणि ती चेपलेली कळशीपण ने!"

"कळशी?" विजू गडबडला. "कसली कळशी? आम्ही मिक्सर दिला होता! तीन भांड्यांचा!"

"बघ, दिलेलं मोजतात!" सासूबाई कडाडल्या. गडग्यापलीकडून "अगो बाई गो!" असा समूहस्वर आला.

मी दाराशेजारी उभ्या सायलीकडे बघून डोळे मिचकावत होते, की बाई, कट म्हण! पण माझे डोळे बामामुळे मघापासूनच मिचकत होते, तिला काय कळणार? शिवाय तिला वाटलं, मामाला आईने मुद्दाम बोलावलंय आणि मामा काय सुंदर काम करतोय! तेवढ्यात मांजराने संधी साधली आणि दुसऱ्या भागासाठी टोपात ठेवलेला बांगडा उचलून सगळ्यांच्या मधून नेला. त्याच्याकडे बघायलाही कुणाला सवड नव्हती. विजूने मोबाईल काढला. "मी पोलिसांतच जातो!"

शेवटी आवाज आला तो सासूबाईंचाच. पण त्यांचा नेहमीचा, कोंबडीशी बोलतानाचा.

"सायली, गो, कट म्हण ना बाळा. घसा दुखला माझा."

"कट," सायली पुटपुटली.

"हां," म्हणून सासूबाई पायऱ्या उतरल्या आणि विजूच्या पाठीवरून हात फिरवला. "ये रे बाबा. लोट्याहून आलास ना? दमला असशील. कोकमाचं सरबत देते, बस."

विजू मटकन पायरीवर बसला. हेल्मेट गडगडत तुळशीपर्यंत गेलं.

सगळा उलगडा व्हायला सरबताचे दोन पेले लागले. विजू कानापर्यंत लाल झाला होता. सायली आनंदाने नाचत होती. "आजी, काय बोललीस तू! कुठल्या मालिकेतलं गं हे?"

सासूबाई पदराने घाम पुसत होत्या. "मालिकेतलं कुठलं गो? माझी सासू ती."

सायलीचं नाचणं थांबलं.

"सगळं तुला पाठ होतं?" सायलीने हळूच विचारलं.

"रोज ऐकलं की होतं पाठ. कळशी आहे की आपल्याकडे, मोरीत. माझ्या बापाने आणलेली. बैलगाडीतून येताना चेपली." मग जरा हसून म्हणाल्या, "तेव्हा कट म्हणणारं कोण नव्हतं ना."

मी त्या घरात वीस-बावीस वर्षं नांदत होते. दर दिवाळीला ती कळशी चिंचेने लखलखीत घासताना त्यांना बघत होते. दरवेळी म्हणायची, आई, द्या ती मोडीत, चेपलेली आहे. त्या दरवेळी म्हणायच्या, "असू दे गो." त्या संध्याकाळी मला रडायला बाम लागला नाही.

पण माहितीपटाचं काय? उरलेले बांगडेही एव्हाना मांजराच्या पोटात, ऊन गेलेलं. आणि हा प्रसंग तसाच दाखवला, तर सासूबाईंचं आयुष्यभराचं नाव कॉलेजच्या हॉलमध्ये एका संध्याकाळी धुळीला मिळणार. मी सायलीला बजावलं, "ते सगळं पुसून टाक. लोक काय म्हणतील आजीला? मी नवीन बांगडे आणते, गाऊन घालते, ओढणीपण नको!"

सासूबाई आतून आल्या. मला पहिल्यांदाच त्यांनी अडवलं.

"नाय पुसायचं. जन्मात एकदा मोठ्याने बोलले गो मी. ते पण पुसणार?"

सायलीने ते ठेवलं. सरबताच्या वेळच्या बोलण्यापर्यंतचं सगळं ठेवलं, कारण फोन चालूच राहिला होता. हॉलमध्ये सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या, नऊवारीत, केसांत अबोलीचा गजरा. लोक विजूला बघून हसून हसून लोळले, आणि 'कट म्हणणारं कोण नव्हतं' आलं तेव्हा तेच लोक रुमाल शोधायला लागले. सायलीच्या सरांनी नंतर वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आजी, अभिनय कुठे शिकलात?"

"स्वयंपाकघरात," सासूबाई म्हणाल्या.

मी मात्र पडद्यावर स्वतःला शोधत होते. एवढा शालू, एवढं सोनं, एवढा बाम! तर सायलीने फोन उभा करून ठेवलेला माझ्या मागे. अख्ख्या माहितीपटात मी दिसते ती पाठमोरी, उसवलेला ब्लाउज आणि लोंबणाऱ्या पिना. शैलाकाकी येऊन म्हणाली, "वैनी, तू पण छान दिसत होतीस हां. मागून."

सासूबाई जाऊन आता दोन वर्षं होतील. सायली मुंबईला नोकरीला आहे. मला त्यांची आठवण आली, की मी तो माहितीपट लावते. त्यांचा चालता-बोलता असा तेवढाच एक तुकडा आहे, आणि त्यात त्या मला हाकलून देतायत. मी ते बघत बसते, आणि खरं सांगते, घर पुन्हा भरल्यासारखं वाटतं. कळशी आता मी घासते. चिंचेनेच.

गेल्या वर्षी मुलाचं लग्न झालं. सून आली, तिलाही सगळं दाखवलं, सांगितलं. गुणी आहे पोर. मीही मनाशी ठरवलंय, की आपण सासूबाईंसारखं व्हायचं, कोंबडीलासुद्धा गोड बोलायचं. परवा तिने आमटी करपवली. मी काही बोलणार नव्हते. पण कशी कोण जाणे, भुवई आपोआप वर गेली, हात कमरेवर गेले आणि तोंडातून निघालं, "माहेरी काय शिकवलं गो..."

सुनेने हातातला आमटीचा डाव माझ्यासमोर धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, कट!"

मी लगेच थांबले असते हो. पण म्हटलं, "थांब गो जरा, एवढं वाक्य तरी पुरं होऊ दे!"