गैरहजर नव्हते, ठाण्यात होते

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. खून नाही, दरोडा नाही. मेंढ्यांची केस होती.

बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या प्रभागांचा कच्चा नकाशा लागला होता. त्यात मेंढपाळांची एक वस्ती तीन प्रभागांत फाडलेली. वस्ती एकत्र राहिली तर त्यांचा सदस्य निवडून येणार. फाडली तर तिन्हीकडे मतं कमीच पडणार. वस्तीवर नळ का नव्हता, हे वेगळं सांगायला नको. वस्तीतल्या चौघांनी हरकत घेतली. तालुक्याला सुनावणी होती, नेमक्या त्याच सकाळी गावच्या पुढाऱ्याने तक्रार दिली: या चौघांनी रातोरात माझा उभा हरभरा मेंढ्यांना चारला.

हवालदाराने चौघांना आणून बाकावर बसवलं. तेवढ्यात फोन वाजला. नाव न सांगता कोणी म्हणालं, "साहेब, हरभऱ्याचं काय न्हाई. सुनावणी उरकेस्तोवर त्या चौघांना तुमच्याकडं बसवून ठिवायचा डाव हाय."

चौघांत एक वयस्कर मावशी होत्या. विचारलं, "मेंढ्या त्या रानात होत्या?"

"व्हत्या की. त्या पुढाऱ्यानंच बोलावलं."

आमच्याकडे पीक निघालं की शेतकरी कळप रात्रभर रानात बसवून घेतो. त्याला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला ज्वारी. पंच आणि पुढाऱ्याला घेऊन मी रानात गेलो. हरभरा कापून नेलेला, विळ्याचे काप स्पष्ट. मधोमध लेंड्यांचा चौकोन, कडेने कळपाभोवती लावायच्या जाळीच्या खुंट्यांची भोकं. चौकोनाबाहेर एक लेंडी नाही.

"चोरून चारणारा जाळी ठोकत बसतो का?" मी पुढाऱ्याला विचारलं.

"सायेब, तुमी कावून ह्यात पडता? राजकारण हाय हे."

"मग ठाण्यात कशाला आणलंत?"

तो काही बोलायच्या आत त्याचा सालगडी म्हणाला, "मालक, त्यांची ज्वारी द्यायची राह्यलीच की!"

पुढाऱ्यावर खोट्या तक्रारीची कारवाई सुरू केली आणि चौघांना जीपमध्ये घालून तालुका गाठला. कारकून म्हणाला, "हरकतदार गैरहजर. हरकत फेटाळली." अधिकारी उठलेच होते.

"गैरहजर नव्हते, माझ्या ठाण्यात होते. खोट्या तक्रारीवर. तसं लिहून देतो," मी म्हणालो. ते कपाळाला आठ्या घालून परत बसले.

मावशी म्हणाल्या, "आमची वाट एक, हातपंप एक. तीन तुकडे कुठून केले, दाखवा की." अधिकाऱ्यांनी नकाशा पुढे ओढला आणि फेटाळलेली हरकत पुन्हा नोंदवून घेतली. अंतिम नकाशात वस्ती अखंड राहिली.

परतताना मावशी हसल्या, "मत टाकायला न्यायला दर बारीला जीप येती, सायेब. बोलायला न्यायला आज पैल्यांदा आली, ती बी पोलिसाची!"

मला हसू आलं नाही. लोक सहभाग घेत नाहीत, अशी रड व्यासपीठावरून आजही ऐकतो. रडणाऱ्यांना माझा तपासातला पहिलाच प्रश्न असतो: त्यांना कुठे बसवून ठेवलंत?