पाय धुवायचा कार्यक्रम

हे मी आजवर कोणाच्याच कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, बहिणीच्या नाही. देवाच्याही नाही – देवापुढे उभी राहिले की भलतंच काहीतरी मागून घेते आणि पटकन तिथून सटकते. आज तुमच्यापुढे बसले आहे. आजच काऊन, ते नका विचारू. मलाच धड ठाऊक नाही.

आधी माझ्या रागाचं सांगते. राग सगळ्यांनाच येतो हो, पण माझा हातात उतरतो. लहानपणी धाकट्या भावाचं डोकं मी पाटावर आपटलं होतं, का, तर त्याने माझी बाहुली दडवली म्हणून. "हिचा हात तोंडाच्या आधी चालते," आई म्हणायची. लग्न होऊन कुडव्याला आले, धानाच्या व्यापाऱ्याच्या घरची मोठी सून झाले, आणि तो हात पदराखाली घ्यायला शिकले. मग समाजसेवेत पडले. हसू येतं ना? या बाईला पोरांची सेवा सुचली!

पण सुचली खरी. आमचं बायकांचं मंडळ आहे. ज्या घरांनी दुसऱ्यांची पोरं सांभाळायला घेतली – बाप तुरुंगात, आई मेलेली, कोणाचं कोणीच नाही – त्या घरांसाठी आम्ही वर्षातून एक मेळावा करतो. दप्तरं, चादरी, पोटभर पुरी-भाजी, आणि सांभाळणाऱ्या बायांचा स्टेजवर सत्कार. लोक म्हणायचे, ताई, तुम्ही मोठं पुण्य करून राहिल्या. मी मान खाली घालून ऐकायची. आवडायचं मला ते. फार आवडायचं.

त्यातच एका वर्षी मातृपूजनाची टूम निघाली. टूम माझीच, दुसऱ्या कोणाची नाही. स्टेजवर बायांना खुर्च्यांवर बसवायचं, समोर पितळेची परात, आणि सांभाळलेल्या पोरांनी आपल्या या नव्या आईचे पाय धुवायचे. कुंकू लावायचं. फोटो. पाहुणे रडतील असं मी मंडळात म्हटलं, आणि सगळ्या जणी हो म्हणाल्या. ज्या पोरांच्या तोंडून आई हा शब्दच निघत नाही, त्यांना आम्ही माईकसमोर पाय धुवायला बसवणार होतो. कोणाच्याच डोक्यात आलं नाही. आम्ही आपापल्या घरी दुसऱ्यांकडून पाय धुऊन घेणाऱ्या बाया – येणार कुठून?

मुर्री गावची सुमन त्या सांभाळणाऱ्या बायांतलीच एक. बौद्धांच्या वस्तीत घर, रोवणीला-कापणीला मजुरीने जायची, नवरा वारलेला, पोटी मूल नाही. तिच्याकडे केशोरीकडची एक पोरगी ठेवली होती, सोनल. नऊ-दहाची असेल. तिच्या बापाने तिच्या आईला मारूनच टाकलं होतं. सोनल सुमनला मावशी म्हणायची, आणि मावशीचा पदर मुठीत धरल्याशिवाय बोलायची नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सुमन माझ्या दारात आली. म्हणाली, "ताई, तिले पाय धुवाले नोका लावू जी. तिचा बाप दारू पिऊन आला का तिले पाय धुवाले लावे, अन् मंग त्याच पायानं लाता मारे. परात पाह्यली का थरथर कापते पोरगी."

ऐकलं मी. नीट ऐकलं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. मी म्हटलं, "एका मिनिटाचं तर काम आहे, सुमन. सगळी पोरं करतील, मग हिचंच काय?" ती मान डोलावून निघाली. आमच्यासमोर ती गप्पच बसायची, आणि मला तेही आवडायचं.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला. मी पैठणी नेसले होते, मोरपंखी, खास त्या दिवसासाठी घेतलेली. पाहुणे पहिल्या रांगेत. सोनलचं नाव पुकारलं. ती येईना, म्हणून मीच हाताला धरून तिला परातीपुढे बसवली. तांब्या तिच्या हातात दिला. तिने सुमनच्या पायांकडे पाहिलं, आणि एकदम किंचाळली हो – असं किंचाळणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं – आणि लाथ मारून परात उलथवली. कुंकवाचं पाणी सगळं माझ्या पैठणीवर. आणि पहिल्या रांगेतून कोणीतरी हसलं.

ते हसणं. बस्स. तिथेच माझं डोकं फिरलं.

मी चेहऱ्यावर हसू ठेवलं. माईकवर म्हटलं, घाबरली बिचारी, जरा पाणी पाजून आणते. टाळ्या पडल्या. सुमनला खूण केली, बस खाली, मी पाहते. आणि सोनलला स्टेजमागच्या खोलीत नेलं. तिथे आचाऱ्याची भांडी ठेवली होती. आचारी बाहेर भट्टीवर, समोर हॉलमध्ये देशभक्तीचं गाणं मोठ्याने लावलेलं. मी दाराला कडी लावली.

सांगू? की इथेच थांबू?

मी तिला मारलं. आधी हाताने. बांगड्या फुटल्या, तिच्या गालात काच गेली, माझ्या मनगटातून रक्त आलं, आणि त्या रक्ताने मी आणखीच चवताळले – जणू तिनेच मला कापलं होतं. वेणी धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. मग हाताशी झारा आला, पुऱ्या तळायचा, लांब दांड्याचा, लोखंडी. त्याने मारलं. पाठीवर, मांड्यांवर. ती हात वर करून डोकं झाकत होती, आणि मी हात खाली ओढून मारत होते. एक फटका कानावर बसला. त्यानंतर तिचा आवाज बंद झाला. कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली. त्यानंतरही मी मारलं.

एक गोष्ट राहिली, आणि ती सांगितली नाही तर हे सगळं बोलणं फुकट. मारताना मला बरं वाटत होतं. कितीतरी वर्षांनी हात मोकळा झाल्यासारखं.

मग भानावर आले. आणि भानावर येऊन काय केलं? ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसलं. डोक्याला, कानाला घट्ट स्कार्फ बांधला. आणि तिच्या समोर बसून, अगदी शांत आवाजात म्हटलं, "कोणाला सांगितलंस ना, तर तुला मावशीकडून काढून नेतील. पुन्हा दिसणार नाही मावशी."

पोरीने मान हलवली.

सुमनला मी सांगितलं, मागच्या पायऱ्यांवरून पडली, घरी ने, हळद-दूध दे. ऑटोसुद्धा मीच करून दिला. सुमनने माझे हात धरले, "ताई, तुमचे लय उपकार झाले जी." पैठणीवरच्या डागासाठी वरून माफी मागितली तिने.

सकाळी पोरगी तापाने फणफणली, तेव्हा सुमन तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरने पाठ पाहिली. कानाचा पडदा फाटलेला पाहिला. मग चौकशीला मॅडम आल्या, या पोरांचं सरकारी काम पाहणाऱ्या. सुमन म्हणाली, कार्यक्रमात पायऱ्यांवरून पडली. पायऱ्यांवरून पडून पाठीवर दांड्याचे वळ उठतात का? सोनलला विचारलं, कोणी मारलं? ती बोलेना. मावशीने मारलं का? तरी बोलेना. मावशीकडे पाहत राहिली आणि तोंड मिटून बसली.

मॅडम माझ्याकडे आल्या. मी चहा ठेवला. त्यांनी विचारलं, तुमच्या कार्यक्रमात मुलगी पडली होती का?

त्या क्षणी सगळं माझ्या हातात होतं. एका वाक्याचं काम होतं. आणि मी म्हटलं, "आमच्याकडे तर कोणी पडलं नाही हो." मॅडम वहीत लिहून घेत होत्या, तर मीच पुढे म्हटलं, "सुमन तशी चांगली आहे. जरा तापट आहे, एवढंच."

तापट! सुमन!

सोनलला दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात हलवलं. सुमनच्या दारात गाडी आली तेव्हा मी गेले नव्हते. वस्तीतल्या बायांकडून ऐकलं – पोरगी दाराच्या चौकटीला अशी चिकटली होती की एकेक बोट सोडवावं लागलं. पण ओरडली नाही म्हणे. तोंडातून शब्द काढला नाही. मी सांगितलं होतं ना, बोलायचं नाही म्हणून. वस्तीतल्या पोरांनी नंतर सुमनच्या दारावर शेण मारलं. पोरीले मारणारी बाई, म्हणून.

मेळावा अजूनही होतो. आणि सुमन अजूनही येते – सत्काराला नाही, मागे पुऱ्या लाटायला. तिला वाटतं मंडळाच्या बाया मोठ्या लोकांना ओळखतात, कधीतरी शब्द टाकतील. दरवर्षी मला विचारते, "ताई, मॅडमले सांगता का जी? मी तिले कधी बोटही लावलं नाही, तुमाले तर माहीत हाय." तुमाले तर माहीत हाय. मी म्हणते, सांगते गं.

यंदा हिवाळ्यात मंडळाने त्या बालगृहात ब्लँकेट वाटायचं ठरवलं. नको म्हणायला मला कारण सुचलं नाही. पोरं रांगेत उभी होती. सोनल आता उंच झाली आहे. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं. मी काहीतरी बोलले, कशी आहेस वगैरे, तर तिने मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला. डाव्याने तिला ऐकू येत नाही.

मग ती पुढे सरकली, आणि दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलली, "बाई, मी कोनालेच नाही सांगतलं. आतापर्यंत नाही. आता तरी मले मावशीकडे सोडता का?"

मी तिच्या हातात ब्लँकेट दिलं आणि रांगेतल्या पुढच्या पोराकडे वळले.

परत आल्यावर सुमन भेटली. पोरगी दिसली का जी, कशी हाय, तिने विचारलं. मजेत आहे, मी म्हटलं. माझी आठवण काढली का, असं तिने विचारलं, तर नाही, असंही म्हटलं.