मिस्त्रीला दोन खण

हे सांगितल्यावर तुम्ही मला हसणार, हे मला ठाऊक आहे. पण वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत देणाऱ्या मुलीने एका वाक्यात अख्खं बांधकाम बंद पाडलं, हे दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

आम्ही राहायला इंदापूरला. माझे वडील, म्हणजे तात्या, तिथे सरकारी कचेरीत कारकून. बारामतीत एमआयडीसीच्या बाजूला त्यांनी एक प्लॉट घेऊन ठेवला होता. तिथे पत्र्याच्या दोन खोल्या बांधून भाड्याने द्यायच्या, असं ठरलं. तात्यांना रजा मिळेना, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत आई आणि मी बारामतीला आत्याकडे येऊन राहिलो. आईने कामावर लक्ष ठेवायचं आणि मी निरोप पोचवायचे. निरोपाचं काम मलाच का दिलं, हे मला अजून कळलेलं नाही.

तीन मिस्त्री बघून गेले. दोघांनी उभ्या उभ्या दर सांगितला. तिसऱ्याने आधी विचारलं, “वैनी, पाणी कुठनं आणायचं?” आईने काम त्यालाच दिलं. हे सोपानमिस्त्री. त्यांची बायको पारूकाकूही कामावर असायची. घमेली वाहणाऱ्या बायका सगळ्या तिच्या हाताखालच्या.

पायाचा नारळ फोडायच्या आदल्या दिवशी एसटीडी बूथवर तात्यांचा फोन आला. लाइनमध्ये नुसती खरखर.

“मिस्त्रीला दोन खण जास्त द्यायला सांग. उद्याच्या आत. विसरू नकोस.”

“बरं,” मी म्हटलं. कसले खण, कशाला, हे विचारायला हवं होतं. पण मागे चार माणसं रांगेत उभी राहून माझ्याकडेच बघत होती. मी फोन ठेवून दिला.

आता आमच्याकडची रीत अशी, की पायाचा नारळ फोडला की मिस्त्रीला टॉवेल-टोपी द्यायची आणि त्याच्या बायकोची खणानारळाने ओटी भरायची. पारूकाकूसाठी एक खण आईने आणून ठेवलाच होता.

“मग आणखी दोन कुणाला?” आई म्हणाली.

आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “असतील आणखी दोन बायका. फिरतीवरची माणसं ही. एक असंल कळस गावाला, एक वरकुट्याला.”

“काहीतरीच काय, वन्सं.”

“मग दादा काय उगीच पैसे घालून फोन करतोय व्हय?”

आईने पेटी उघडली आणि स्वतःसाठी ठेवलेले दोन खण काढले, एक हिरवा, एक जांभळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. टॉवेल-टोपी झाली, पारूकाकूची ओटी झाली. मग आईने मला पुढे ढकललं. मी दोन्ही खण सोपानमिस्त्रींच्या हातात दिले.

“ह्ये आनि कुनाला, ताई?”

इतकी माणसं माझ्याकडे बघत असली की मला खोटं सुचत नाही, आणि खरंही नीट सुचत नाही. मी सगळंच सांगून टाकलं. “एक तुमच्या कळसच्या काकूंना आणि एक वरकुट्याच्या काकूंना.”

पारूकाकूने ते खण नवऱ्याच्या हातातून काढून घेतले. “आसं व्हय. तरी म्हनलं, फुडचं काम कळसलाच कसं काय धरलं.”

“आगं, शाळामास्तरच्या घराचं काम हाय ते.”

“मास्तर का मास्तरीन?”

ती घमेलं पालथं घालून लिंबाच्या झाडाखाली बसली. तिच्या मागोमाग सगळ्या बायका बसल्या. मिस्त्री समोरच्या बाभळीखाली जाऊन बसले. “आवो वैनी, एका बायकूला लुगडं घेताना माझी ही गत. मी तीन कुठनं पोसू?” असं ते आईला दिवसातून चारदा विचारायचे. ती दोघं रोज कामाच्या वेळेला यायची आणि आपापल्या झाडाखाली बसायची. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवारही गेला.

रविवारी तात्या आले. मिस्त्रींनी आखून ठेवलेला पाया त्यांनी पावलं टाकून मोजला.

“हे चारच खण आहेत. दोन जास्त सांगितले होते ना?”

“दिले की,” आई म्हणाली. “हिरवा आणि जांभळा.”

मग तात्यांनी मला समजावून सांगितलं. घराचेही खण असतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. दोन खणांची एक खोली. त्यांना तिसरी खोली हवी होती. ती भाड्याची नव्हे. जूनपासून मला बारामतीच्या शाळेत नववीला घालायचं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. आई आणि मी तिथे राहणार होतो.

मला हे ठाऊकच नव्हतं. इंदापूरच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळेला कायम कुलूप असायचं. मी एकदाच, तेही हळू आवाजात, तसं म्हटलं होतं. तात्यांनी ते ऐकलं होतं तर.

सोपानमिस्त्री डोकं खाजवत म्हणाले, “तात्या, आता न्हाय जमायचं. तीन दिस आसंच गेलं. कळसच्या मास्तरला शबूद दिलाय. दिवाळीनंतर बगू.”

दिवाळीनंतर म्हणजे माझं वर्ष गेलं. माझ्याच तोंडाने घालवलेलं. मी रडायला नको म्हणून खडीच्या ढिगाकडे बघत राहिले.

तेवढ्यात लिंबाखाली पारूकाकू हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. मग ती उठली, पदर खोचला, आणि नवऱ्याला म्हणाली, “उठा. कुदळ घ्या. कळसला जाऊन मास्तरला सांगा, आठ दिस थांब म्हनावं.”

“आगं, पर त्यो काय म्हनंल?”

“म्हनूं द्या. पोरीनं मला दोन खण दिल्यात. म्या ते घिऊन बसले तीन दिस. आता आपुन बी पोरीला दोन खण द्यायला नगं का?”

कळसच्या त्या मास्तरांना मी अजून पाहिलेलं नाही. पण ते थांबले. रविवार असूनही त्याच दुपारी दोन खण आखले गेले, आणि शाळा उघडायच्या आत तिसऱ्या खोलीवर पत्रे चढले. तिथेच बसून मी हे लिहिते आहे.

घरभरणीला मिस्त्री आणि पारूकाकू जेवायला आले. काकू तो जांभळा खण शिवून घालून आली होती. तिचे आभार मानायचे म्हणून मी आदल्या दिवसापासून एक वाक्य पाठ करत होते. वाढायला गेले, तर अख्खी पंगत माझ्याकडे बघायला लागली. पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

“काकू,” मी म्हटलं, “तिघींमध्ये मला तुम्हीच सगळ्यात जास्त आवडता.”